मागणी मान्य झाल्यानंतर

आज पदवी घेऊन नगरच्या सावेडीतल्या या मांडवातून बाहेर पडल्यावर तुमच्यापैकी काहीजण युनिसेफ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, सेव्ह द चिल्ड्रन अशा संस्थांमध्ये जातील आणि मुलांच्या हक्कांची बाजू सरकारांपुढे, कंपन्यांपुढे, जिनेव्हातल्या समित्यांपुढे मांडतील. त्या कामाबद्दल मला एकच गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. मागणी मान्य झाली, कायदा झाला, करारावर सही झाली, की त्याच दिवशी विचारायचं : आता ते मूल जाणार कुठं? बालहक्कांच्या आमच्या व्यवसायानं हा प्रश्न अनेकदा फार उशिरा विचारला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

हे काम परदेशातून आपल्याकडं आलं असं मानणाऱ्यांनी नगरचा इतिहास वाचावा. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा याच शहरात होती. जोतीराव फुल्यांनी ती पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात आपली शाळा काढली. त्याच फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेलं निवेदन मी बालहक्कांच्या कामातला आपल्याकडचा पहिला नमुना मानतो, आणि तो आजही शिकवण्याजोगा आहे. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बहुतेकांना माहीत असते. त्याच कागदात पुढं काय आहे याकडं मात्र कमी लक्ष जातं. गरीब शेतकऱ्याला पोरं गुरं राखायला आणि शेत सांभाळायला लागतात, म्हणून तो त्यांना शाळेत पाठवत नाही, हे फुले मोकळेपणानं मान्य करतात. मग उपाय सांगतात : शाळा वाढवा आणि या मुलांना शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसं द्या. सक्ती मागणारा माणूस त्याच निवेदनात सक्तीमुळं घराचं जे नुकसान होणार त्याची भरपाईही मागतो आहे. पुढं गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं, आणि देशाला तसा कायदा मिळायला २००९ साल उजाडलं. सव्वाशे वर्षांच्या या वाटेत फुल्यांच्या मागणीचा पहिला भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला. दुसरा मागं पडत गेला.

परदेशातून दबाव आणण्याबद्दलचा आक्षेपही आपल्याकडं जुना आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. नवऱ्याकडं नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल मुंबईच्या न्यायालयानं १८८७ मध्ये दिला तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. बेहरामजी मलबारींनी १८९० मध्ये थेट लंडन गाठलं आणि तिथल्या लोकमताच्या बळावर संमतिवयाचा कायदा घडवून आणायला मोठा हातभार लावला. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं होतं. तो आक्षेप क्षुल्लक नव्हता. गुलाम देशातल्या माणसाला परक्या सत्तेच्या सदिच्छेवर विश्वास ठेवायला सांगणं सोपं नाही. तरीही दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा जीव स्वराज्य मिळेपर्यंत थांबू शकत नव्हता, म्हणून माझ्या मते मलबारींची बाजू बरोबर होती. ती अपुरी मात्र पडली. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झालं, पण त्या कायद्याखाली खटले फारच थोडे उभे राहिले. लंडनमधली मोहीम संपली होती, वर्तमानपत्रांचा विषय बदलला होता, आणि गावोगावच्या मुलींचं पुढं काय होतं हे विचारणारी कुठलीच यंत्रणा उभी राहिलेली नव्हती. विवाहाच्या वयाचा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडावं लागलं. आज, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे.

आता जिनेव्हाकडं वळतो. एग्लन्टाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपासमार झालेल्या ऑस्ट्रियन मुलांची पत्रकं वाटली आणि त्यांना पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी सेव्ह द चिल्ड्रन उभी राहिली. त्यांनी लिहिलेला बालहक्कांचा पाच कलमी जाहीरनामा जिनेव्हातल्या राष्ट्रसंघानं १९२४ मध्ये स्वीकारला. २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांत बालहक्क संहिता मंजूर झाली. भारतानं ११ डिसेंबर १९९२ ला संहिता मान्य केली, पण बालमजुरीविषयीच्या ३२ व्या कलमाला एक निवेदन जोडून : सर्व प्रकारच्या कामांसाठी किमान वय तातडीनं ठरवणं व्यवहार्य नाही, ते टप्प्याटप्प्यानं करू. किमान वय आणि बालमजुरीची सर्वांत वाईट रूपं यांवरचे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे दोन मूलभूत करार भारतानं मान्य केले ते थेट जून २०१७ मध्ये. 'टप्प्याटप्प्यानं' म्हटलं की पंचवीस वर्षं जातात, हे ध्यानात ठेवा. माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथूनच निघतो, आणि त्याकडं मी येणार आहे.

त्याआधी बांगलादेश. १९९२ मध्ये अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडलं : ज्या मालात मुलांची मजुरी आहे त्याची आयात बंद करावी. ते कधीच मंजूर झालं नाही. नुसत्या धास्तीनं ढाक्यातल्या कपड्यांच्या कारखानदारांनी मुलांना कामावरून काढलं. युनिसेफच्या १९९७ च्या 'जगातील मुलांची स्थिती' या अहवालात हा आकडा सुमारे ५०,००० असा दिला आहे. विधेयकामागच्या माणसांचा हेतू निखळ होता. मुलं कारखान्याबाहेर पडली, म्हणजे मागणी एका अर्थी पूर्णही झाली. मग युनिसेफ, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि स्थानिक संस्थांचे लोक शोध घेत गेले तेव्हा त्यातली काही मुलं खडी फोडताना, रस्त्यावर पोट भरताना, वेश्याव्यवसायात सापडली. शिवणयंत्राजवळून सुटलेलं मूल त्याहून भयंकर जागी पोचलं होतं. त्यानंतर, जुलै १९९५ मध्ये, कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी सामंजस्य करार केला. नवीन मूल कामावर घ्यायचं नाही, असलेल्या मुलाला काढायचं ते त्याच्यासाठी शाळेची सोय झाल्यावर, आणि शाळेत जाताना त्याच्या घराला दरमहा काही रक्कम द्यायची. फुल्यांनी त्याच्या ११३ वर्षं आधी मागितलेली हीच जोडी होती. ती आधी मान्य झाली असती तर हजारो मुलांचे हाल टळले असते.

आपल्या जिल्ह्यात याचंच वेगळं रूप पाहायला मिळतं. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरेकाठी झाली याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच कारखानदारीसाठी दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. एकट्याचा अर्धा कोयता, उचलही अर्धी. म्हणून पोराचं आणि पोरीचं लग्न लवकर उरकण्यात घराचा रोख फायदा असतो. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळायला थोरली लागते, तिची शाळा तिथंच सुटते. या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांनी आणि काही कारखान्यांनी साखरशाळा चालवल्या. त्या अपुऱ्या होत्या, पण कोपीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होत्या. मग शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मूल नियमित शाळेत हवं, तात्पुरत्या वर्गांवर त्याची बोळवण नको, हे तत्त्व आम्हीच वर्षानुवर्षं मांडलं होतं आणि ते बरोबर आहे. त्या तत्त्वाखाली बहुतेक साखरशाळा मिटत गेल्या. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जा म्हटलं, पण टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या फडावर गेली की ती शाळा जवळची राहत नाही. पुढं शिक्षण हमी कार्ड आलं, हंगामी वसतिगृहं आली, संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली. ही सगळी चांगली पावलं आहेत. ती कायद्याच्या पाठोपाठ वर्षांनी आली, बरोबर आली नाहीत.

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा शोधलेख छापला. बालविवाह, उचलीचं कर्ज, गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया हे सगळं त्यात होतं, आणि ही साखर कोका-कोला व पेप्सीच्या बाटल्यांपर्यंत जाते हेही. असा लेख येणं गरजेचं होतं. पण यातून महाराष्ट्राची साखर विकत घेऊ नका, अशी हाक उद्या कुणी दिली, तर ढाक्याची पुनरावृत्ती पाथर्डीत होईल. माल घेणं थांबवल्यानं कंपनीचं नाव स्वच्छ होतं. कोपीतल्या मुलीची उचल फिटत नाही. मागणी अशी हवी की खरेदी चालू ठेवा, आणि त्याच करारात मुलांची शाळा, वसतिगृह आणि दोघांऐवजी एकट्याच्या कामावर घर चालेल एवढा तोडणीदर लिहून द्या. १९९६ मध्ये कर्नाटकात कुंदापूरला जगभरच्या काम करणाऱ्या मुलांची परिषद भरली. तिथं या मुलांनी, मुलांनी बनवलेल्या मालावरच्या बहिष्काराला आपला विरोध नोंदवला. मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे. त्यांचं प्रत्येक मत अंतिम मानायचं असं नाही, मुलाला मजुरी हवीशी वाटली म्हणून मजुरी योग्य ठरत नाही. पण बहिष्कारानंतर आपलं काय होतं, याची सर्वांत पक्की माहिती त्यांच्याजवळच असते.

आता तो वजनदार आक्षेप. 'आधी पर्याय, मग बंदी' हेच कारखानदारांचं आणि सरकारांचं कायमचं उत्तर असतं, आणि तुम्ही त्यांच्याच हातात कोलीत देता आहात, असं माझे अनेक सहकारी म्हणतील. भारताचं १९९२ चं निवेदन मी स्वतःच दाखवलं. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालच्या मजुरीवर सरसकट बंदी आली, पण शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली गेली. फडावर आईबापाच्या मागं मोळ्या बांधणारं मूल 'घरची मदत' ठरवणं किती सोपं आहे ते नगरकरांना सांगायला नको. म्हणून हा आक्षेप मी पूर्णपणे मानतो. मी बंदीला मुदतवाढ मागत नाही. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच तारखेला, एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनं असाव्यात, आणि पर्यायाची तारीख चुकली तर दंड मालकाला आणि खात्याला बसावा. ढाक्याचा १९९५ चा करार दाखवतो की असं लिहिता येतं.

दुसरा आक्षेप असा की शाळा चालवणं हे आमचं काम नव्हे, आम्ही धोरणाचे लोक आहोत. शाळा चालवू नका, पण मुलं मोजा. स्थलांतरितांची मोजणी अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयता आणि प्रत्येक रुपयाची उचल असते. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन नोंदलं जातं. ज्या व्यवस्थेला ऊस किलोपर्यंत मोजता येतो तिला त्या उसाबरोबर आलेली मुलं मोजता येत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

आमच्या व्यवसायाबद्दल माझी खरी तक्रार इथंच आहे. निधी दोन-तीन वर्षांचा, नेमणूक त्याहूनही कमी काळाची. किती कार्यशाळा झाल्या, किती अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, याचे तक्ते भरले जातात, आणि कायदा झाला की त्या ओळीपुढं 'साध्य' लिहून माणसं पुढच्या प्रकल्पावर जातात. कायद्यानंतरच्या तीन हंगामांत काय झालं, हे विचारायला पदच नसतं. उलट दिशेचं उदाहरण मुंबईचं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया रस्त्यावरच्या आणि स्टेशनवरच्या मुलांमध्ये काम करत होत्या. त्यातून १९९६ मध्ये १०९८ ही हेल्पलाइन निघाली. मूल फोन करतं, कुणीतरी तिथं पोचतं, आणि पुढं काय झालं याची नोंद राहते. हाच अनुभव घेऊन त्यांनी २००३ मध्ये चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल उभी केली. फलाटावरून जगाकडं गेलेलं हे काम टिकलं, कारण ते नोंदीपासून सुरू झालं होतं.

जिनेव्हाला जाणाऱ्यांना एका मागणीसाठी संस्थेच्या आत राहून लढायचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. तिथं सहा महिने स्वतःच्या खर्चानं राहू शकणाऱ्या घरातली मुलंच त्या दारातून आत शिरतात, आणि उचल म्हणजे काय हे ज्यांना जन्मापासून माहीत आहे ती बाहेर राहतात. 'ते मूल जाणार कुठं' हा प्रश्न बैठकीत उशिरा निघतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. तेव्हा आत गेलात तर पगारी जागा मागा, जाहीरपणे मागा. जे जिल्ह्यात राहणार आहेत त्यांनी येत्या दसऱ्याला पाथर्डी-शेवगावच्या शाळांमधून निघणाऱ्या मुलांच्या याद्या करा, कारखान्यांच्या हद्दीतल्या शाळांच्या हजेरीशी त्या दर महिन्याला ताडून पाहा, आणि हंगाम संपल्यावर परतलेल्यांची नावं पुन्हा मोजा. बालहक्क समितीकडं संस्थांना पर्यायी अहवाल पाठवता येतो. भारताचा पुढचा आढावा जेव्हा लागेल तेव्हा त्या अहवालात हे आकडे असू द्या, आणि ज्या मुलांचा पत्ता लागला नाही त्यांची संख्या पहिल्या पानावर असू द्या.