अवकाळ : शब्द आणि शिवार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते व्याकरणाचा तास पुष्कळदा खिडकीबाहेर पाहून सुरू करीत. आभाळ भरून आले की विचारीत, "हा वळीव की अवकाळी?" उन्हाळ्याच्या अखेरीस गडगडत येतो तो वळीव, त्याची वाट पाहिली जाते. कापूस फुटलेला असता किंवा हरभरा खळ्यावर असता येतो, तो अवकाळी. पाणी तेच, नाव मात्र काळावरून पडते.

तलमडुगूच्या शिवारात हा भेद दोन भाषांत बोलला जातो. आपण ज्यांना नक्षत्रे म्हणतो, त्यांना तेलुगू शेजारी 'कार्ते' म्हणतो. आपल्या अवकाळीला तो 'अकाल वर्षम्' म्हणतो. हिंदीत मात्र 'अकाल' म्हणजे दुष्काळ! एकाच शब्दात ओला आणि कोरडा असे दोन्ही घात नांदावेत, हे भाषेचे औदार्य म्हणावे की शेतकऱ्याचे दुर्दैव, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

पंचांगच चुकले, असे काही जण म्हणतात. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने पुढे सरकतो हे खरे; पण सुमारे ७२ वर्षांत एक दिवस. माझ्या साऱ्या आयुष्यात मृग एका दिवसाने हलला असेल. डोळ्यांदेखत होणाऱ्या उलथापालथीचे खापर त्याच्या माथी मारता येणार नाही.

२०१४ आठवा. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पैनगंगेपलीकडे विदर्भ-मराठवाड्यात गारा कोसळत होत्या. वर पश्चिमेकडून आलेली थंड हवा, खाली समुद्रावरची दमट हवा. उंच ढगांत गोठलेला थेंब वरखाली होत थरावर थर चढवतो आणि न पेलला की खाली येतो. गहू, ज्वारी, हरभरा भुईसपाट झाले. पुढच्याच वर्षी केंद्राने मदतीसाठी नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ वर आणली.

पण टक्के मोजायचे कोणाच्या नावावर? माझे धाकटे चुलते दुसऱ्याची जमीन मक्त्याने करीत. ऐन वेचणीत पाऊस झाला. सरकारी खरेदीला कापसात ओलावा आठ टक्के असावा लागतो आणि बारांच्या वर गेला की गाडी परत. त्यांची गाडी परत आली. पाहणीला आलेल्यांनी पासबुक मागितले, ते मालकाचे. मदतही तिकडेच गेली. चुलते ओसरीवर कापूस वाळत घालत राहिले.

मार्च २०२३ च्या गारपिटीनंतर तेलंगण सरकारने एकरी १०,००० रुपये जाहीर केले, तेव्हा कौलदारांचाही उल्लेख झाला. उल्लेख झाला हे चांगलेच. पण आपल्याकडे कौल तोंडी असतो आणि तोंडी कौलाचा पंचनामा कसा व्हावा?

म्हणून मी एक पानी करारपत्राचा मसुदा मराठीत व तेलुगूत लिहून आणला आहे. तो शाळेच्या कार्यालयात ठेवीत आहे. तेलुगू प्रत मात्र जाणत्याने तपासून घ्यावी. माझी तेलुगू बाजारापुरती आहे.