छोट्या हायब्रिड मोटारीवर किती लादावे?

नवी मोटार दारात आली, हार घातला, नारळ फुटला, की दुसऱ्याच दिवशी घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो, ‘वर कॅरिअर टाकून घेऊ या.’ दुसरा म्हणतो, ‘मागं हूक बसवा, म्हणजे छोटी ट्रॉली ओढता येईल.’ चर्चा रास्त आहे. मोटार काही देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू नव्हे. पण अलीकडे ही मोटार पुष्कळदा हायब्रिड असते, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोघांच्या जोरावर चालणारी. तिच्यावर काही लादण्यापूर्वी तिची प्रकृती समजून घेतलेली बरी.

अशी गाडी मोठ्या संख्येने पहिल्यांदा बनली ती जपानमध्ये. टोयोटाची प्रिअस डिसेंबर 1997 मध्ये तिथे विक्रीस आली. आपल्याकडे 2022 साली मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाच्या सिटीचा हायब्रिड प्रकार आला, आणि मग या गाड्या तालुक्याच्या गावापर्यंत दिसू लागल्या. या गाड्यांत एक बॅटरी असते. ती उतारावर आणि ब्रेक लावताना भरते व निघताना, चढताना मदतीला येते. ही बॅटरी ठेवायची कुठे? पुष्कळदा मागच्या डिकीतच. ग्रँड विटाराच्या साध्या प्रकारात सामानाची जागा 373 लिटर आहे, तर हायब्रिडमध्ये ती 265 लिटरच उरते. म्हणून तर घरात कॅरिअरची गोष्ट निघते.

आता जागा आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण नेमकी इथे गल्लत करतो. जागा डोळ्यांना दिसते, वजन दिसत नाही. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते (आणि जी आपण प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर काढत नाही) तिच्यात दोन आकडे पाहा: रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन. समजा पहिला 1,250 किलो आणि दुसरा 1,700 आहे. वजाबाकी 450. पाच माणसे सरासरी 65 किलोंची धरली तर 325 झाले. उरले 125. या 125 मध्ये डिकीतले सामान, छतावरचे सामान, कॅरिअरचे लोखंड आणि ट्रॉलीचा हुकावर येणारा भार, सारे काही बसले पाहिजे. पाचाच्या जागी सात माणसे कोंबली, तर कॅरिअरचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

डिकी भरताना एक गोष्ट जपा. कित्येक हायब्रिड गाड्यांत मागच्या आसनाजवळ एक जाळी असते. तिच्यातून हवा आत जाऊन बॅटरी थंड राहते. पोती, गाद्या, मुलांची दप्तरे त्या जाळीवर टेकवली की बॅटरीचा श्वास कोंडतो. ही जाळी आपल्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून घरातल्या सर्वांना दाखवून ठेवा.

छताकडे वळू. पूर्वीच्या अँबॅसॅडरला आणि पद्मिनीला छताच्या कडेने पन्हळ असे, आणि तिला कॅरिअरचे पाय पकडवले की काम होई. आताच्या गाड्यांना ती पन्हळ नाही. काहींना दोन्ही बाजूंनी दांड्या असतात, पण त्याही नुसत्या शोभेच्या आहेत की भार घेणाऱ्या, हे विचारून घ्या. दुकानदाराला नव्हे, पुस्तिकेला विचारा. लहान गाड्यांच्या छताची मर्यादा बहुधा 50 ते 75 किलोंची असते आणि त्यात कॅरिअरचे स्वतःचे वजनही मोजायचे असते. भरलेल्या टोमॅटोचे एक क्रेट वीस-पंचवीस किलोंचे. म्हणजे तीन क्रेट झाले की संपले! वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्ट्यांचे कॅरिअर करून घ्याल तर निम्मी मर्यादा ते लोखंडच खाऊन टाकील. त्यापेक्षा दोन आडव्या हलक्या दांड्या घ्या आणि काम झाले की काढून ठेवा.

काढून ठेवा असे म्हणतो त्याला कारण आहे. हायब्रिड आपण घेतली ती पेट्रोल वाचावे म्हणून. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. अमेरिकी सरकारच्या माहितीप्रमाणे छतावर मोठी, बोथट तोंडाची पेटी असेल तर महामार्गावर एका लिटरमागे मिळणारे अंतर 6 ते 17 टक्क्यांनी घटते, आणि ताशी 105 ते 120 किलोमीटरच्या वेगाने तर 10 ते 25 टक्क्यांनी. तीच पेटी गाडीच्या मागे लावली तर महामार्गावरची घट 1 ते 5 टक्के. हलके पण अवजड सामान मागे घेणे हे म्हणूनच फायद्याचे, मात्र नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. गाडीच्या तोंडाशी लोखंडी गार्ड लावण्याची हौस काहींना असते. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये ते काढून टाकण्याच्या सूचना राज्यांना दिल्या, तेव्हा त्याविषयी अधिक बोलत नाही.

आता ट्रॉली. इथे मात्र थोडे थांबले पाहिजे.

बॅटरी आहे, म्हणजे ओढायला जोर जास्त, असे पुष्कळांना वाटते. पाहू या. ग्रँड विटाराची बॅटरी 0.76 युनिटची आहे. एवढ्या विजेवर एक अश्वशक्तीचा पंप तासभरही नीट चालणार नाही. आता गाडी, माणसे आणि ट्रॉली मिळून 1,800 किलो धरा, आणि सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढा. चढण साधारण 600 मीटर. वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, हा नववीच्या विद्यार्थ्याला येणारा गुणाकार आहे. उत्तर येते जवळजवळ 3 युनिट, आणि तेही घर्षण व वारा सोडून. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी पाव घाटातच तिचा हात टेकणार. पुढचा सारा घाट ते छोटे इंजिन एकटे चढणार, आणि मोटरही तापणार. उतरताना उलटे. बॅटरी लवकर भरते, मग विजेच्या ब्रेकचा आधार कमी होतो आणि ट्रॉली मागून रेटत असते.

म्हणून उत्पादक ओढण्याच्या बाबतीत हात आखडता घेतात. एकाच प्रिअसचे पाहा. अमेरिकेतल्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नये असा सल्ला, आणि 2016 साली युरोपात आलेल्या त्याच पिढीच्या गाडीला ब्रेक असलेला 725 किलोंपर्यंतचा ट्रेलर मान्य. तेव्हा परदेशातला भाचा ‘मामा, आमच्याकडे ओढतात’ म्हणाला तरी आपल्या देशातल्या पुस्तिकेत आकडा नसेल तर हूक बसवू नका. आकडा असेल तर कंपनीच्या मान्यतेचाच हूक, तिने दिलेल्या भोकांवर बसवा. बाजारात नवी भोके पाडू देऊ नका, कारण नारिंगी वेष्टणाच्या तारांतून शेकडो व्होल्टची वीज वाहते. ट्रॉलीच्या दिव्यांसाठीही गाडीच्या दिव्याची तार सोलून जोडू नये. त्यासाठी स्वतंत्र जोडणीपेटी मिळते. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, हे ध्यानात असू द्या. त्याची नोंदणी लागते.

ट्रॉली कशी भरावी हे मात्र शेतकऱ्याला मी सांगायला नको. बैलगाडी उलाळ झाली की काय होते? जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार धुरेला जड झाली तर त्यांच्या माना मोडतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचे तेच शास्त्र. ती उलाळ असेल तर वेगात शेपटासारखी डोलू लागते आणि पुढच्या गाडीलाही फरफटवते. म्हणून थोडा भार हुकावर हवाच. ब्रिटनमध्ये भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के सांगतात, अमेरिकेत 10 ते 15. पण पुस्तिकेतली हुकाची मर्यादा कधी ओलांडू नये. मोजायचे कसे? ट्रॉली सपाट जागी भरून ठेवा, तिच्या दांडीखाली हुकाच्या उंचीइतका लाकडी ठोकळा उभा करा आणि ठोकळ्याखाली माणसांचे वजन करायचा काटा ठेवा. शाळेत असा काटा असतोच. शिक्षकांनी मुलांकडून हे करवून घ्यावे. एक पोते आखाच्या पुढे-मागे सरकवले की काटा किती फिरतो, ते मुले विसरायची नाहीत.

एक शेवटचे, ओढण्याचेच, पण उलट बाजूने. गाडी बंद पडली की आपण ट्रॅक्टर बोलावतो, दोर बांधतो आणि चाललो. बहुतेक हायब्रिड गाड्यांत पुढची चाके मोटरशी कायम जोडलेली असतात. चाके फिरली की मोटर वीज निर्माण करते, गाडी बंद असली तरी. त्यामुळे आतले भाग बिघडू शकतात, आगही लागू शकते. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी, नाहीतर पुढची चाके उचलून. चारही चाकांना जोर देणारी असेल तर चारही उचलून. दोराने ओढणे हा अगदी अडचणीतला उपाय. तोही पुस्तिकेत मुभा असेल तरच, आणि तिथे सांगितलेल्या वेगाने व अंतरापुरता. हत्यारांच्या पिशवीत जी आट्याची लोखंडी कडी मिळते ती याच कामासाठी असते. तिला ट्रॉली अडकवायची नाही. ती पिशवी आज संध्याकाळी उघडून कडी जागेवर आहे का, आणि ती गाडीला कुठे बसते, एवढे तेवढे पाहून ठेवा.