उपासापेक्षा पारणे अवघड

उपास या विषयावर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. पारण्यावर मात्र कुणी बोलत नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण साबुदाण्याच्या आणि भगरीच्या उपासाला शोभते. मी आज बोलणार आहे ते निव्वळ पाण्यावर काढलेल्या अनेक दिवसांच्या उपासाबद्दल, आणि त्यातही उपास सुटल्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांबद्दल. पोट बिघडते ते तेव्हा, काट्यावरचे वजन चक्रावून टाकते ते तेव्हा, आणि माणूस दगावतो तोही बहुधा तेव्हाच. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण अलीकडे आमच्या नवेगावबांधसारख्या आडगावातही तरुण पोरे मोबाइलवर पाहून पंधरा-पंधरा दिवस पाण्यावर राहू लागली आहेत. तेव्हा जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतले, ते सांगितलेच पाहिजे असे वाटले.

आमच्या पूर्व विदर्भाला दीर्घ उपास नवा नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला. त्यानंतर लष्कर आणि पोलिसांनी गावात, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. सरकार चौकशीला तयार नव्हते. तेव्हा सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी उपास मांडला आणि तो ६३ दिवस चालला. १२ जानेवारी १९४३ रोजी तो सुटला. त्यानंतर महिनाभरातच, १० फेब्रुवारीला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपास सुरू केला. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. ३ मार्चला तो संपला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषण केले. या सगळ्या उपासांचे दिवस आपल्याला पाठ असतात. उपास सुटल्यावर त्या माणसाने पहिल्या दिवशी काय घेतले, दुसऱ्या दिवशी काय घेतले, हे कुणी विचारत नाही.

गांधीजींनी मात्र स्वतःच्या शरीराचा हिशेब लिहून ठेवला आहे. आत्मकथेत ते सांगतात की दक्षिण आफ्रिकेतला त्यांचा सात दिवसांचा उपास सोपा गेला, म्हणून पुढच्या चौदा दिवसांच्या उपासात ते बेफिकीर राहिले. पाण्याने मळमळते म्हणून पाणी कमी प्याले. घसा सुकला, शेवटी अगदी हळू आवाजातच बोलता येई. चौदा दिवसांच्या उपासानंतर, १९१४ मध्ये, ते बोटीने इंग्लंडला निघाले. भूक लागावी, खाल्लेले पचावे म्हणून डेकवर फेऱ्या मारू लागले. तर पोटऱ्या दुखू लागल्या आणि लंडनला पोचेपर्यंत प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडली. उपास संपला म्हणजे शरीर लगेच पहिल्यासारखे होत नाही, हे यात आले. १९४३ च्या उपासाआधी त्यांनी व्हाइसरॉयला कळवले होते की आता नुसते पाणी पोटात ठरत नाही, म्हणून ते पिता यावे यासाठी लिंबू-संत्र्यासारख्या फळांचा रस त्यात घालीन.

इथे आमच्या रोज्याबद्दलही सांगतो, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. रमजानमध्ये दिवसभर पाणीसुद्धा नाही, हे खरे. पण सूर्य मावळला की रोजा सुटतो, पहाटे सहेरी होते. इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसाला जोडत जाणे याला 'विसाल' म्हणतात, आणि पैगंबरांनी आपल्या अनुयायांना ते करायला मनाई केली आहे. इफ्तार लवकर करा, सहेरी उशिरा करा, अशीच शिकवण आहे. रोज्याच्या सवयीचा माणूस म्हणून पंधरा दिवसांचा उपास झेपेल, असा हिशेब कुणी करू नये. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

आता वजनाकडे येऊ. आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने चौदा दिवस पाण्यावर काढले. वजन ११ किलो उतरले. पोरगा खूश. पंधराव्या दिवशी एका लग्नात पंगतीला बसला. मटण, भात, वर जिलेबी. आठ दिवसांत ५ किलो परत आले. माझ्याकडे येऊन रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, चौदा दिवस पाणीच त पेत होतो मी. मंग हे वजन आलं कोठून?"

त्याचे उत्तर त्याच्याच प्रश्नात होते. बरेचसे पाणीच उतरले होते आणि पाणीच परत आले. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, ग्लायकोजेन नावाचा. हा साठा कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत हा साठा खर्च होतो आणि पाणी लघवीवाटे जाते. शिवाय इन्सुलिन कमी झाले की मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकू लागतात आणि मिठामागे पाणी जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो. पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शरीर चरबी जाळून कीटोन बनवू लागते. भूक मंदावते, तोंडाला वेगळाच वास येतो आणि वजन उतरण्याची गती कमी होते. आणि त्या उतरण्यात निव्वळ चरबी नसते. शिकागोच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दीर्घ उपासांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांना आढळले की गेलेल्या वजनात सुमारे एक तृतीयांश चरबी आणि दोन तृतीयांश बाकीचे, म्हणजे पाणी, स्नायू वगैरे होते. पोरगा ज्याला चरबी समजत होता त्यात त्याच्या मांड्यांचे मांसही गेले होते.

अन्न पोटात गेले, विशेषतः भात आणि साखर, की इन्सुलिन उसळते. मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, त्याबरोबर पाणी. ग्लायकोजेनचा साठा पुन्हा भरतो. पाय सुजतात, घोट्याजवळ बोट दाबले तर खळगा पडतो. दोन-चार दिवसांत दोन-चार किलो वाढले म्हणून घाबरून पुन्हा उपासाला बसणारे लोक असतात. ते पाणी आहे, आणि हळूहळू जाते. चरबी परत येते ती नंतर, आणि ती मात्र राहते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. हा पाण्यावरचा उपास नव्हता, पण नंतरची गोष्ट लागू पडते. जेवण पूर्ववत झाल्यावरही त्यांची भूक भागेना, पोट तुडुंब भरले तरी मन खात राही. चरबी आधी भरली, स्नायू मागाहून.

पोटाचे काय होते ते समजून घ्यायला मला आमच्या तलावाचा उपयोग झाला. नवेगावबांधचा तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. कोलू पाटलाचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. हिवाळ्यात इथे दूर उत्तरेकडून, हिमालयापलीकडून पाखरे येतात. अशी लांब पल्ल्याची पाखरे वाटेत कसे निभावतात यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. २००७ मध्ये एक गॉडविट जातीची मादी अलास्काहून निघाली आणि न थांबता, न खाता ११ हजार किलोमीटरहून जास्त अंतर उडून न्यूझीलंडला उतरली. आठ दिवस लागले. या जातीची पाखरे निघण्यापूर्वी चरबी साठवतात आणि आतडी, यकृत, पोटाचा गिझर्ड लहान करून घेतात. उडताना ज्याचा उपयोग नाही त्याचे ओझे कशाला? उतरल्यावर आतडी पुन्हा वाढवावी लागतात. अजगराचेही तसेच. महिनोन्महिने न खाता पडून राहिलेल्या अजगराचे आतडे भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत जवळजवळ दुप्पट वजनाचे होते. ब्रह्मदेशी अजगरांवर हे मोजलेले आहे.

माणसाचे आतडे एवढे टोकाला जात नाही, पण दिशा तीच. आतड्याच्या आतल्या अस्तराला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषणारे. अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येत असतात, आणि त्यांचे बरेचसे पोषण समोरून जाणाऱ्या अन्नातूनच होते. अन्न थांबले की अस्तर पातळ होते, पाचक रस कमी होतात. दुधातली साखर पचवणारा रस तर फार लवकर कमी होतो. म्हणून उपास सोडताना दूध, खीर, बासुंदी घेतली की पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात. आणि उपासात आठवडा आठवडा शौचाला होत नाही म्हणून एरंडेल घेणारे आहेत, त्यांनी ते थांबवावे. आत काही गेलेच नाही तर बाहेर काय येणार? जुलाबाने उलट क्षार वाया जातात. स्कॉटलंडमध्ये १९६५-६६ मध्ये अँगस बार्बेरी नावाच्या २७ वर्षांच्या माणसाने डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्नाविना काढले. जीवनसत्त्वे आणि क्षार दिले जात होते. वजन २०७ किलोवरून ८२ किलोवर आले. त्याला शौचाला ३७ ते ४८ दिवसांनी होत असे, अशी नोंद आहे. मात्र तो असामान्य मनुष्य, असामान्य वजन आणि डॉक्टरांची नजर. त्याचे उदाहरण देऊन कुणी घरी उपासाला बसू नये.

पोट बिघडणे हा त्रास झाला. खरा धोका हृदयाला आहे. त्या लग्नाच्या पंगतीनंतर आमच्या पोराला तिसऱ्या दिवशी धडधड सुरू झाली, हातपाय गळाले, उठवेना. तालुक्याला नेले, रक्त तपासले, क्षार फार खाली गेलेले. सलाइनमधून हळूहळू भरून काढले, तेव्हा सावरला.

असे का होते? दीर्घ उपासात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार शरीरातून कमी होत जातात. रक्तात मात्र ते बेताचे दिसत राहतात, कारण पेशी आपले क्षार रक्तात सोडत असतात. अचानक भरपूर साखर-भात आला की इन्सुलिन त्या साखरेबरोबर उरलेसुरले क्षारही पेशींत ओढून घेते. रक्त रिकामे पडते. ब-१ जीवनसत्त्वही खर्चून जाते. मग श्वासाचे स्नायू, हृदयाचे ठोके, मेंदू, सगळेच कोलमडू शकते. इंग्रजीत याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हे फार मोठ्या किमतीवर कळले. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजेने जर्मनीतली बेल्सेनची छावणी मुक्त केली. उपाशी कैद्यांची दया येऊन सैनिकांनी आपल्या शिध्यातले डबाबंद, चरबीचे अन्न वाटले. ते खाऊन पुष्कळ जण गेले. नंतर तिथे 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' आणले, म्हणजे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेले पीठ, दूधभुकटी आणि साखरेचे पेय. ज्या वर्षी आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा उपास सुटला, त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे भुकेने मेली, आणि त्यांच्यावर शिकलेला धडा युरोपात गेला. युरोपातल्या कैद्यांना ते मिश्रण फार गोड लागले, बऱ्याच जणांना घेववेना.

मग पारणे कसे करावे? आपल्या जुन्या लोकांना फॉस्फरस माहीत नव्हता, क्रम माहीत होता. आयुर्वेदात वमन-विरेचनानंतर संसर्जन क्रम सांगितला आहे. आधी पेया, म्हणजे भाताची पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज. मग मुगाचे कढण. मांसरस सगळ्यात शेवटी. जैन मंडळी पर्युषणात आठ दिवसांची अठ्ठाई करतात, काही महिनाभराचे मासखमण करतात, तेही उकळलेल्या पाण्यावर आणि ते पाणीही दिवसाउजेडीच. त्यांच्यातही पारण्याला मुगाच्या पाण्यासारखे हलके काही देण्याची रीत आहे. आमचा भंडारा-गोंदिया धानाचा मुलूख. पेज इथे गरिबाच्या घरी रोज होती, आता ती आजारी माणसापुरती उरली.

मात्र पेज झाली तरी ती वाटीभरच. आजचे डॉक्टर सांगतात की पाच दिवसांपेक्षा जास्त काळ पोटात जवळजवळ काही गेले नसेल तर सुरुवात नेहमीच्या निम्म्या आहाराच्या आतच करावी. दहा दिवसांहून अधिक झाले असतील तर पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे १० कॅलरींपेक्षा जास्त नाही. म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसभरात ७०० कॅलरी, तीही पाच-सहा वेळा विभागून, आणि पुढचे चार ते सात दिवस हळूहळू वाढवत. अन्न सुरू करण्याआधीच ब-१ जीवनसत्त्व, आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांची रक्ततपासणी. म्हणजे दहा दिवसांचा उपास घरी सोडण्याची गोष्टच नाही, तो दवाखान्यात सोडायचा असतो.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, रक्तदाबाच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, पोटात बाळ असेल, अंगावर पाजत असाल, दारूचे व्यसन असेल, आधीच अंगात काही नसेल, तर पाण्यावरचा उपास नकोच. वजन झपाट्याने उतरले की पित्ताशयात खडे होऊ शकतात, युरिक ॲसिड वाढून अंगठ्याचा सांधा सुजू शकतो, हे धडधाकट माणसालाही होऊ शकते. उपास सोडल्यावर धाप लागली, ठोके चुकल्यासारखे वाटले, गोंधळल्यासारखे झाले, पाय फार सुजले, तर ग्लुकोजचे पाणी पाजत घरी बसवू नका. त्या वेळी साखरच घातक असते. सरळ दवाखान्यात न्या, आणि किती दिवस अन्न नव्हते ते डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा.