कळस चढला, आता पायरीकडे पाहू

(श्रीभैरवनाथ मंदिराच्या कलशारोहणाच्या दिवशी सायंकाळी सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो, आज कारकून आहे. रोज लोकांचे अर्ज तपासतो. आज माझाच एक अर्ज घेऊन उभा आहे. हा अर्ज देवाकडे नाही, गावाकडे आहे.

आज सकाळी कळस चढला तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. देणगीदारांनी सढळ हाताने दिले म्हणून हा दिवस दिसला. पण स्लॅबच्या दिवशी भर उन्हात घमेली वाहणारी रांगही मला आठवते. त्या रांगेत निम्मी पोरे खालच्या वस्तीची होती. कोणी मजुरी मागितली नाही.

पंढरपूरला नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळली व त्याखाली चोखोबा गेले, असे संतचरित्रे सांगतात. गावाची भिंत बांधायला ते चालत होते, देवाच्या दारात चालत नव्हते. हे दार उघडायला किती काळ लागला पाहा. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी मोडणाऱ्या तिथल्या सज्जनांना त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. रंगावरून माणूस हलका ठरवा की जन्मावरून, दुखणे एकच, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षे चालला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपविली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरविला.

कायद्याने दार उघडले. पण कायदा कोणाला हाताला धरून पंक्तीत बसवीत नाही. ते काम आपले आहे.

आता माझी एक चूक सांगतो. मी सातवीत असताना यात्रेत हलगी वाजवून थकलेल्या एका बाबांनी आमच्या दारात पाणी मागितले. घरच्यांनी तांब्या माझ्या हाती दिला आणि “वरून ओत” म्हणून सांगितले. मी वरून ओतले. त्यांनी ओंजळ धरली. अर्धे पाणी कोपरावरून खाली गेले. तरी ते म्हणाले, “औक्षवंत हो, लेकरा.”

वीस वर्षांनी तेच बाबा नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी माझ्या टेबलापुढे आले. मी म्हणालो, “बाबा, १९५० पूर्वीचा पुरावा आणा.” ते रोज बुडवून तीन खेपा आले. मी तिन्ही वेळा तेच वाक्य बोललो. शेवटी एका वयस्कर सहकाऱ्याने विचारले, “अरे, कोतवाल बुक पाहिलेस का?” अभिलेख कक्षात जाऊन पाहिले, तर बाबांच्या वडिलांच्या जन्माची नोंद जातीसह अर्ध्या तासात सापडली. तोवर प्रवेशाची मुदत टळली होती. पोराचे वर्ष गेले. माझ्या मनात कसलाही द्वेष नव्हता; फक्त उठून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. द्वेष नसतानाही अन्याय होतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तो मुलगा आज याच मंडपात बसला आहे. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांच्या रांगेत तो माझ्या शेजारीच होता. बाबा आज हयात नाहीत. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. ती आज सर्वांसमक्ष मागतो.

कोणी म्हणेल, देवाच्या कार्यक्रमात हे कशाला? तर सगळा गाव एका छपराखाली येतो ती जागा हीच आहे, म्हणून. आता माझ्या अर्जातील मागण्या ऐका. बहुतेकांना पैसा लागत नाही.

पहिली मागणी कागदांची. दर रविवारी सकाळी मी या मंडपात बसेन. लिहिता येणाऱ्या दोन पोरांनी सोबत यावे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जुनी खातेउतारे ही पहिली शोधण्याची ठिकाणे. दहावीचा निकाल लागल्यावर धावपळ नको. मूल आठवीत असतानाच फाइल तयार करू. निराधार म्हाताऱ्यांचे अर्जही तेथेच भरू.

दुसरी पंक्तीची. उद्याच्या महाप्रसादाला पंक्ती एकच असावी, हे तर झालेच. पण वाढपी सर्व आळ्यांतले असावेत आणि चुलीपाशीही सर्व घरच्या बायका असाव्यात. शेजारी बसवून घेणे सोपे असते. त्यांच्या हातचे आपल्या ताटात पडते, तेव्हा खरी परीक्षा.

तिसरी पालखीची. पालखी वरच्या तीन आळ्यांतून फिरते आणि ओढ्यापाशी वळते. यंदा ती ओढा ओलांडून खालच्या वस्तीत जावी. देवाला वाटेची अडचण नाही, ती आपल्याला आहे.

चौथी फलकाची. देणगीदारांचा संगमरवरी फलक लागला, योग्यच झाले. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीवर श्रमदान करणाऱ्यांचा फलक लागावा. घाम पावतीपुस्तकात चढत नाही, म्हणून तो देणगी नव्हे असे होत नाही. या फलकाचा खर्च मी व माझे दोन मित्र करू.

पाचवी नावाची. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडू. मात्र नवे नाव त्या वस्तीने सुचवावे, आपण वरून देऊ नये.

सहावी मागणी स्मशानवाटेची. पावसाळ्यात खालच्या वस्तीची तिरडी गुडघाभर चिखलातून जाते. ज्या दोन शेतकरी बंधूंच्या बांधावरून ती वाट जाते, ते समोरच बसले आहेत. त्यांनी चार-चार फूट सोडले, तर मुरूम टाकायला आम्ही सारे येऊ. अर्ज, नोटीस, तारीख हे माझ्या रोजच्या परिचयाचे आहे. म्हणूनच सांगतो, हे काम कचेरीत न जाता येथेच मिटावे.

बंधुभगिनींनो, कळस लांबून दिसतो, पण देवळात शिरताना पाय पायरीवरच पडतो. ती पायरी सर्वांना सारखी असावी, एवढेच माझे मागणे. अर्ज मंजूर की नामंजूर, हा शेरा उद्या पालखी ओढ्यापाशी पोचेल तेव्हा आपणच मारावयाचा आहे.



भैरवनाथाच्या नावानं चांगभलं! जय हिंद, जय महाराष्ट्र.