पायातल्या कड्यावरचा पत्ता



दसरा उलटतो, हरभऱ्याच्या पेरणीची लगबग सुरू होते आणि इकडे हतनूर धरणाच्या पाण्यावर पाहुणे उतरू लागतात. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाच्या परिसरात पसरलेला हा जलाशय पक्ष्यांसाठी महत्त्वाचं क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत नोंदलेला आहे. सगळ्यांच्या आधी, सप्टेंबरातच, शेपूट हलवत धोबी येतो. मग थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि लालभडक चोचीची मोठी लालसरी. थंडी वाढली की पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात.

हे येतात कुठून? ‘सायबेरियातून’ असं आपण सवयीनं सांगून टाकतो. पण नेमका कोणता पक्षी कुठून आला, हे नुसत्या डोळ्यांना कसं कळणार? १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं त्यावर तोड काढली. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात त्यानं ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. कड्यावर क्रमांक आणि पत्ता. पक्षी कुठंही सापडला, तर सापडणाऱ्यानं कळवायचं. यालाच वलयांकन म्हणतात.

आपल्या शेजारच्या माळव्यात, धार संस्थानात, १९२० च्या दशकातच हे काम सुरू झालं होतं. मोठ्या प्रमाणावर ते झालं १९५९ नंतर. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू देशोदेशी जातात का, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेपुढे होता. तिच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली हजारो पक्ष्यांना कडी घातली. भरतपूरला आणि तामिळनाडूच्या समुद्रकाठी पॉइंट कॅलिमरला तिची मोठी केंद्रं होती. पक्षी इजा न होता पकडण्याचं कसब होतं बिहारच्या मिरशिकारांकडे. आपल्याकडच्या फासेपारध्यांसारखेच हे पिढीजात पक्षी पकडणारे. त्यांची विद्या विज्ञानाच्या कामी आली. पक्षी धरायचा, तोलायचा, पंख मोजायचा, कडं घालायचं आणि लगेच सोडून द्यायचं.

तो रोगाचा प्रश्न पुढं आपल्या खानदेशाच्याच दारात आला. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. देशातला तो पहिलाच प्रादुर्भाव. अशा वेळी पाहुण्या पक्ष्यांकडे बोट दाखवणं सोपं असतं. पण कोणता पक्षी कोणत्या वाटेनं, कोणत्या महिन्यात जातो याच्या नोंदी हाताशी नसतील, तर आरोप सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

नोंदीत ठिकाण आणि तारीख खरी असणं किती मोलाचं, हेही खानदेशानंच दाखवलं आहे. डेव्हिडसन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात शहादा-तळोदा भागात रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला. पुढं माइनर्ट्‌झहागेन या संग्राहकानं संग्रहालयातला जुना नमुना चोरला आणि ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी खोटी चिठ्ठी लावली. ही लबाडी पामेला रासमुसेन यांनी ओळखली. खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणांचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह इकडे आल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं.

कडं घातलेल्या शेकडो पक्ष्यांपैकी एखाद्याचीच खबर परत येते. कारण तो मासेमाऱ्याच्या जाळ्यात येतो, शेताच्या बांधावर सापडतो आणि कडं पोराच्या खेळण्यात जातं. म्हणून श्रोतेहो, विनंती आहे. जिवंत पक्ष्याला पकडू नका. दुर्बिणीतून किंवा फोटोतून क्रमांक वाचा. मंगोलियात शास्त्रज्ञ पट्टकादंबांच्या गळ्यात अक्षरांचे रंगीत पट्टे घालतात, असे पक्षी भारतात दिसलेही आहेत. ती अक्षरं, पट्ट्याचा रंग, पायात कडं असेल तर पाय डावा की उजवा, एवढं टिपून घ्या. पक्षी मेलेला असेल तर उघड्या हातानं शिवू नका, आधी वनखात्याला कळवा. आणि ठिकाण व तारीख अगदी खरी लिहा. हीच माहिती मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडेही पाठवा.

हजारो मैलांवर कुणीतरी ते कडं घालून पक्षी सोडलेला असतो. त्याच्या वहीतली समोरची ओळ कोरी असते. ती ओळ हतनूरच्या काठावरचा एखादा भोई किंवा केळीच्या बागेतला शेतकरीच भरू शकतो.