घुसमट म्हणजे काय, ते तिलाच विचारूया

(सातारा-सांगली भागातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



सल्ला केंद्रात आलेली बाई "मला राग आलाय, मला दुःख होतंय" असं क्वचितच म्हणते. ती म्हणते, जीव घुसमटतो, डोकं गच्च झालंय, घास उतरत नाही. नाहीतर नुसतंच, "टेन्शन आहे." आपण ऐकतो आणि मनातल्या मनात भाषांतर करून टाकतो : मानसिक छळ. या घाईबद्दल मला बोलायचं आहे.

बाईच्या वाट्याला येणारे पुष्कळ शब्द तिच्या भावनेचे नसतातच. साताऱ्यातलं 'नकुशी' हे नाव घ्या. नकोसं वाटलं घरच्यांना, आणि नाव जन्मभर मुलीला! २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. 'टाकलेली' हा शब्दही तसाच. टाकतो नवरा, शब्द चिकटतो बाईला. सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न उभा केला, तेव्हा जे एकेकीचं नशीब म्हटलं जात होतं, तो हक्काचा प्रश्न झाला.

पण तिला स्वतःला काय वाटतं, त्याचं काय? "तोंड वर करून बोलू नको" असं लहानपणापासून ऐकलेल्या मुलीला राग येत नाही असं नाही. तो सांगायची सोय नसते. डोकं दुखतं, हे मात्र सांगता येतं. आणि शब्द जिकडे नेतो तिकडेच उपाय शोधला जातो. "डोकं दुखतं" म्हटलं की गोळी. "बाहेरचं झालंय" म्हटलं की देवऋषी. "माझा अपमान होतो" म्हटलं, तरच पुढचा प्रश्न निघतो : कोण करतं?

२००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी संबंधित भागाची प्रतिक्रिया मंदावते, असं त्यांना दिसलं. नाव दिल्याने घरातला मार थांबत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण घाबरलेल्या मनाला विचार करायला थोडी जागा मिळत असेल, तर ती आपल्याला हवी आहे.

कायद्यातही हा शब्द मोलाचा आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, ही त्यात हिंसाच आहे. मग अर्जात आपण फक्त "मानसिक छळ केला" एवढंच का लिहितो? "मुलगा झाला नाही म्हणून रोज जेवताना बोलतात, मग घास उतरत नाही" हे तिचं वाक्य जास्त सांगतं. कोण, कधी, कशावरून, सगळं त्यात आलं.

म्हणून एवढंच करूया. "घुसमटतं" म्हणाली, तर तिथे थांबायचं. केव्हापासून? कोण काय बोललं की जास्त होतं? त्या वेळी काय करावंसं वाटतं? आणि ती गप्प राहिली, तर आपणही गप्प बसायचं. आपला शब्द तिच्या तोंडात घालायचा नाही. एखादी दुसऱ्या खेपेला, एखादी चौथ्या खेपेला म्हणेल, "मला राग येतो." ते तिने म्हणायचं आहे, आपण ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं आहे.