मोघम कल्पना आणि नेमका संकल्प



आमच्या संघटनेतील एक तरुण मध्यंतरी म्हणाला, "काका, मजुरांसाठी सॉफ्टवेअर करू या." मी विचारले, "ते काय करील?" तो म्हणाला, "सगळे!" जे सगळे करणार असते ते काहीच करीत नाही, हे मी चळवळीत ठेचा खाऊन शिकलो आहे.

'हाताला काम द्या' ही आपली मागणी जुनीच. पण तीही मोघम होती. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरकडे तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटविली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने तिला माप दिले : मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. मग सरकार चुकले की नाही, हे निरक्षर मजूरही बोटांवर दिवस मोजून सांगू लागला.

म्हणून त्या तरुणाला मी चारच प्रश्न दिले. हे कोणासाठी? त्याचे कोणते दुःख हलके होणार? पहिल्या खेपेस काय करावयाचे नाही? आणि काम साधले, हे कशावरून ओळखावयाचे?

आठ दिवसांनी त्याने एक ओळ आणली : 'भरलेली हजेरी आणि मिळालेली मजुरी यांतील तफावत मजुराला आठवड्याच्या आत फोनवर वाचता यावी.' बैठकीतील एक बाई म्हणाली, "मला वाचता येत नाही, दादा." त्याने 'वाचता' खोडून 'ऐकता' लिहिले.

मंडळी, त्या एका शब्दाने त्याचे काम खरे सुरू झाले. यंत्र मागाहून, आधी ओळ ज्याची आहे, त्याला ऐकवा.